बिराजदार अण्णा आणि पान एकतीस

बिराजदार अण्णा वाचनालयात कुठलंही पुस्तक हातात घ्यायचे ते थेट एकतिसाव्या पानावर उघडायचे. नाव बघायचे नाहीत, लेखक बघायचे नाहीत, मागचा मजकूर तर नाहीच नाही. चष्मा कपाळावर सरकवायचा, पान खिडकीकडे धरायचं, नाकाला लागेल इतकं जवळ आणायचं आणि खालच्या कोपऱ्यात काहीतरी शोधायचं. सापडलं तर "फिट हाय!" म्हणून पुस्तक बगलेत. नाही सापडलं तर पुन्हा फळीवर. अशी अख्खी कपाटं ते दर शनिवारी तपासून काढायचे.

नवीन सभासदांना हा प्रकार कळायचा नाही. एकाला वाटलं, म्हातारा पुस्तकांत विसरलेल्या नोटा शोधतोय. दुसऱ्या एका गृहस्थांना वाटलं, अण्णा पान उघडून भविष्य सांगतात. त्यांनी हळूच जवळ येऊन मुलीच्या लग्नाचं विचारलं. अण्णांनी पानातून डोकं न काढता "सिग्नल पडंल लवकरच" असं सांगून टाकलं, आणि ते गृहस्थ समाधानानं जिना उतरले.

आमचं वाचनालय जुन्या गावात, एका चादरींच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. अण्णा आणि मी राहायला जुळे सोलापुरात, एकाच बिल्डिंगमध्ये. मला आठवडाभर ऑफिसात फायलींखेरीज काही वाचायला मिळत नाही, त्यामुळे शनिवारी पुस्तक आणायचं आणि रविवारी लोळत वाचायचं, हा माझा नेम. अण्णा माझ्या स्कूटीवर मागे बसून येतात आणि रस्ताभर ब्रेक कधी दाबायचा ते मला सांगतात. सगळी नोकरी रेल्वेत गेलेली, त्यामुळे रुळांशिवाय चालणाऱ्या कुठल्याही वाहनावर त्यांचा विश्वास नाही.

एकतिसाव्या पानाचं गुपित त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही "कुणाला बोलू नका ओ ताई" अशी अट घालून. अण्णा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होते. मालगाडीचे डबे तपासायचं काम. चाकं बघायची, ब्रेक बघायचे, सगळं ठीक असलं की डब्यावर खडूनं खूण करायची. खूण आहे म्हणजे डबा धडधाकट, जाऊ द्या पुढे. त्या खुणेवर ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर सगळ्यांचा भरवसा. अण्णा रिटायर झाले आणि त्याच वर्षी त्यांची बायको गेली. मुलगी बेंगळुरूला. दुपारी घरात बसवेना म्हणून अण्णा वाचनालयात जायला लागले, ते वाचायला नव्हे, पंख्याखाली बसायला. काउंटरवरच्या चिप्पा मॅडमनी त्यांना सभासद करून घेतलं, कारण नुसतं बसायची सोय तिथे नाही. अण्णांनी हाताला लागलं ते पुस्तक घरी नेलं. एकतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेला बारीक गोल होता, आत एक टिंब. दुसऱ्या पुस्तकात तेच. तिसऱ्यातही तेच.

"म्हटलं, हितं पण कुणीतरी तपासनीस हाय की," अण्णा मला म्हणाले. "पुस्तक तपासतो, फिट असलं की खूण करतो. मग आपण कशाला डोकं लावायचं?"

तेव्हापासून खूण नसलेलं पुस्तक अण्णा वाचेनासे झाले. खूण असलेलं काहीही वाचायचे. कादंबऱ्या वाचायचे, प्रवासवर्णनं वाचायचे, घोणस चावल्यावर काय करावं ते वाचायचे. गर्भवतीच्या आहारावरचं एक पुस्तक त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला गाठून नाचणी खायला सांगितली. ती बिचारी लाजून लाल झाली. तिनं तोवर घरातही कुणाला सांगितलं नव्हतं, आणि अण्णांना तर काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आपलं वाचलेलं वाया जाऊ नये म्हणून सांगितलं होतं.

मी एकदा त्यांना एक गाजलेली कादंबरी दिली. मला स्वतःला ती इतकी आवडली होती की दोन वेळचा स्वयंपाक मी नवऱ्यावर सोडला होता. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी ती परत आणून दिली.

"वाचली?"

"न्हाय. एकतीसला काय न्हाय."

"अहो अण्णा, मी वाचलीय ना! मी सांगतेय ना, चांगली आहे!"

"तुमी चांगल्याच हाय ओ ताई," अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण तुमी डिपार्टमेंटच्या न्हाय."

असा राग आला म्हणून सांगू! पुढे पुस्तकांच्या प्रदर्शनातही तीच तऱ्हा. करकरीत नवी पुस्तकं मांडलेली आणि हे एकेक उघडून एकतिसावं पान बघतायत. शेवटी विक्रेत्याला म्हणाले, "एवढा माल मांडलाय, पण एक पण पुस्तक कुणी वाचलेलं दिसंना." तो म्हणाला, "काका, नवीन आहेत." अण्णा म्हणाले, "मग मी का घेऊ? रिकाम्या हॉटेलात तुमी जेवायला जाता का?" तो माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

अण्णांचं सगळ्याच बाबतीत असं आहे. लग्नात शेजारच्यानं घास घेतल्याशिवाय ते हात लावत नाहीत. नव्या लिफ्टमध्ये आधी वॉचमनला वर पाठवून, तो जिवंत खाली आल्यावर बसले. "आधी कुणीतरी जाऊन आलं पायजे," हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. पुस्तक रटाळ असलं तरी ते तक्रार करायचे नाहीत. फार तर "गाडी जरा लूप लाईनला उभी हाय" म्हणायचे आणि नेटानं पुढे वाचत राहायचे.

गेल्या उन्हाळ्यात गोची झाली. खूण असलेली पुस्तकं संपत आली. नव्या पुस्तकांत खूण दिसेना. आधी अण्णांना वाटलं, तपासनीस रजेवर असेल. मग वाटलं, बदली झाली असेल. एका शनिवारी सगळी कपाटं पालथी घालून रिकाम्या हातानं ते जिना उतरले आणि रस्ताभर ब्रेकबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी मी हॉर्न वाजवला तर गॅलरीतून म्हणाले, "तुमी व्हा पुढं. आज नको."

तो शनिवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. अण्णा दुपारी पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीवर बसून गेटकडे बघत असायचे. वॉचमन बिचारा उभा. मला त्यांचा नेहमी राग यायचा, तो आता येईना. काळजी वाटायला लागली.

"अण्णा, ती खूण कुणाची, हे विचारलं का कधी तुम्ही?"

"कुणाला विचारू?"

"चिप्पा मॅडमना. एवढी वर्षं त्यांच्या समोर उभे राहता."

अण्णा गेटकडे बघतच म्हणाले, "इचारलं अन् त्या म्हणल्या, की ते माणूस गेलं, तर? मग काय करू मी?"

शनिवारी मी एकटीच गेले आणि अण्णांच्या माघारी चिप्पा मॅडमना खूण दाखवली. त्या हसायलाच लागल्या. "हे होय! अहो, गोल आणि टिंब म्हणजे जुबेदा आपा. आमच्या प्रत्येक जुन्या वाचकाची खूण आहे. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी नेऊ नये म्हणून करतात. कुणी सतराव्या पानावर फुली मारतं, कुणी नखानं ओरखडा काढतं. ओरडून ओरडून मी दमले बघा."

म्हणजे ती खूण 'फिट हाय' अशी नव्हतीच. 'वाचून झालं', एवढंच ती सांगत होती. आपा हयात होत्या, विजापूर वेशीजवळ राहत होत्या, गुडघ्यांमुळे त्यांना वाचनालयाचा जिना चढवत नव्हता. मी अण्णांना फक्त एवढंच सांगितलं. खुणेचं बोलले नाही. ते आपांनीच सांगावं, नाहीतर कुणीच सांगू नये, असं मला वाटलं.

अण्णा ताडकन उठले. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. जाताना वाचनालयात उतरून नव्यांतली एक कादंबरी स्वतःच्या नावावर घेतली. "तपासनिसाकडं नवा डबा घेऊन जायचा असतो," म्हणाले.

आपा दिवाणावर एक पाय लांब करून मेथी निवडत बसल्या होत्या. आत शिलाई मशीन चालू होतं, दोन सुनांचा कशावरून तरी वाद चालला होता, कुकरच्या शिट्या होत होत्या, आणि दिवाणाखाली पोरांचा काहीतरी खेळ रंगात आला होता. आपा महापालिकेच्या शाळेत मास्तरीण होत्या. बघितल्याबरोबर कळत होतं. आम्ही आपोआप सरळ उभे राहिलो.

अण्णांनी हात जोडले. "आपा, तुमच्यामुळं लई चांगली चांगली पुस्तकं वाचली मी."

"कुठली?"

"ती सावकाराच्या सुनेची."

"या अल्ला, ती? रडून रडून डोकं उठलं माझं. अर्ध्यातच ठेवली."

अण्णा चपापले. "अन् ते हिमालयात चालत गेलेल्या माणसाचं?"

"तो चालतो कमी, आणि स्वतःचं कौतुक जास्त करतो."

"गर्भवतीचा आहार?"

"ते धाकट्या सुनेसाठी आणलं होतं."

"पण... खूण होती की ओ आपा."

"खूण कायकू करते मी? तेच पुस्तक पुन्हा घरात येऊ नये म्हणून! एकच पुस्तक तीनदा आणलं होतं एकदा. प्रत्येक वेळी शेवटाला आले तेव्हा कळलं." आपांनी मेथीची एक जुडी बाजूला टाकली. "चांगलं आहे म्हणून कोण खूण करतं?"

मला वाटलं, उगाच आणलं अण्णांना. बरं चाललं होतं, ते मी मोडून टाकलं. आतलं मशीनही नेमकं तेव्हाच थांबलं.

"मग मला कशी आवडली ओ सगळी?" अण्णा म्हणाले. हे ते कुणाला विचारत होते, कळत नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं. "घरात मी एकटाच असतोय. पुस्तक उघडलं की वाटायचं, ह्या पानावर पण कुणीतरी बसून गेलंय. हितं ते हसलं असंल, हितं जरा थांबलं असंल. मग मी पण थांबायचो. पुस्तक चांगलं का वाईट, ते बगितलंच न्हाय मी कधी."

आपांचा मेथी निवडणारा हात थांबला. त्यांनी एकदा आतल्या खोलीकडे बघितलं, एकदा दिवाणाखालच्या पोरांकडे.

"अरे बाबा," त्या म्हणाल्या, "ह्या घरात मला कोपरा मिळत नव्हता म्हणून मी पुस्तकात जाऊन लपायची. तिथं तरी कुणी नसेल म्हणून! आणि तुम्ही तिथंही माझ्या मागं मागं येत होतात?"

आणि त्या जोरात हसल्या. इतक्या जोरात की दोन्ही सुना भांडण टाकून दारात आल्या. अण्णा आधी ओशाळले आणि मग तेही हसायला लागले. अण्णांना असं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

चहा झाल्यावर आपांनी ती नवी कादंबरी हातात घेतली. "ही तुम्ही वाचलीय?"

"न्हाय. कुणीच वाचली न्हाय. कोरी हाय."

"मग घेऊन जा. आधी तुम्ही वाचा, चांगली असेल तर आणा. माझे डोळे आता फुकट घालवायला राहिले नाहीत."

अण्णांचा चेहरा पडला. "मी? आधी?"

"मग कोण? जिना आता तुम्हालाच चढवतोय ना?"

पुढचा आठवडाभर अण्णा पार्किंगमध्ये दिसले नाहीत. सकाळी मी ऑफिसला निघायची तेव्हा ते गॅलरीत पुस्तक घेऊन बसलेले असायचे, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. मी हाक मारली तर नुसता हात वर करायचे.

शनिवारी आम्ही पुन्हा विजापूर वेशीकडे गेलो. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर अण्णा पुस्तक छातीशी धरून जरा थांबले.

"पहिल्यांदाच असं एकटा आत शिरलो, ताई. लई भ्या वाटलं. कुठंच कुणी न्हाय. दोनदा मिटून ठिवलं."

"मग?"

"मग म्हटलं, मागनं आपा यायच्यात. रस्ता बगून ठिवाय पायजे."

"आणि आहे कशी?"

अण्णांनी तोंड वाकडं केलं. मी त्यांना पुस्तकाला नावं ठेवताना पहिल्यांदाच ऐकलं. "मदी लई पाल्हाळ हाय. ती पानं सोडा म्हणून सांगणार हाय मी त्यांना. पण त्यात एक म्हातारी हाय बगा, सगळ्या घराशी भांडून दार लावून बसती." ते आपांच्या दाराकडे चालायला लागले आणि जाता जाता म्हणाले, "तितं आपा हसतील."