एक्स्पायर म्हणू नका

आमच्या सोसायटीत कुणी वारलं, तर घरच्यांना पहिली धास्ती असते ती धर्माकाका म्हात्रे भेटायला येतील याची.

काका मनानं वाईट नाहीत. उलट चहाचा मोठा थर्मास घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. फक्त त्यांच्यापुढे 'एक्स्पायर' हा शब्द काढायचा नाही. बी विंगमधल्या सावंतांच्या मुलानं तो काढला. डोळे पुसत म्हणाला, "काका, सकाळी पप्पा एक्स्पायर झाले."

काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बॅच नंबर काय होता?"

"अवो, गप बसा," शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, अनसूयाकाकूंनी, त्यांना चिमटा काढला. "लोकांच्या घरी रडं हाय."

काका मूळचे नेरूळ गावातले. शेतं गेली, शहर आलं आणि काका औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. एकतीस वर्षं खोक्यांवरच्या तारखा तपासल्या. तारीख उलटली की लाल शिक्का, मग माल भट्टीत. सोसायटीचा सेक्रेटरी मी, त्यामुळे ऐकून घ्यायचं कामही माझंच. "मना सांग सेक्रेटरी, सावंत काय खोकल्याचं औषध होता? तारीख छापलेली वस्तू एक्स्पायर होते. मानसावर कुठं तारीख छापलेली हाय?"

एका बाईंच्या सासूबाई वारल्या, तेव्हा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंग्रजीत टाकलं, की सासूबाई 'हॅज बीन एक्स्पायर्ड'. खाली काकांचा प्रश्न आला, 'कोनी केल्या?' दोन दिवस ग्रुपवर कुणी गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नाही.

शेवटी कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या देशपांडे मॅडम शब्दकोश घेऊन आल्या. एक्स्पायर म्हणजे मुळात श्वास बाहेर सोडणं. शेवटचा श्वास सोडला, म्हणून मरणं. इंग्रजीत माणसाला चालतं. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि जोरात सोडला.

"हा सोडला. झालो मी एक्स्पायर?"

मॅडम शब्दकोश मिटून हसत घरी गेल्या.

गेल्या श्रावणात काकूंचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मी काकांबरोबर हॉस्पिटलात बाकावर बसलो होतो. दुपारी डॉक्टर बाहेर आले. अगदी तरुण, ओठ सुकलेले. "सॉरी काका. खूप प्रयत्न केले. पेशंट एक्स्पायर झाल्या."

मी पटकन काकांकडे पाहिलं. पण काकांनी त्या डॉक्टरचा खांदा थोपटला, "बरं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा बाकावर बसले.

संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर लिहायला मी खडू घेतला. काका मागे येऊन उभे राहिले. 'दुःखद निधन' लिहायला हात उचलेना. मी साधंच लिहिलं, 'अनसूयाकाकू म्हात्रे आज गेल्या.'

"गेल्या पूस," काका म्हणाले.

"मग काय लिहू, काका?"



"आत नेताना माजा हात सोडला, नि मना बोलली, 'येते हां.' लग्न झाल्यापासून घरातून निघताना तेच बोलायची. बाजारात जाऊ दे, माहेरी जाऊ दे, 'येते.' 'जाते' कदी बोललीच नाय. आनि तू 'गेली' कसं लिवतोस?"

मी पुसलं. फळ्यावर नुसतं नाव राहिलं आणि खाली अंत्ययात्रेची वेळ.

काकांनी वॉचमनची खुर्ची ओढली आणि गेटकडे तोंड करून बसले.