बडनेऱ्याच्या पुढे

अमरावतीचे वासुदेव मिस्त्री तीस वर्षं ट्रक दुरुस्त करताहेत, पण ट्रकात बसून ते बडनेऱ्याच्या पुढे कधी गेले नव्हते. कारण विचारलं की म्हणायचे, “आत काय काय ढिलं असते, ते मले मालूम हाय ना!”

चौकशी मात्र साऱ्या जगाच्या ट्रकांची. चहा पिताना समोरून ट्रक गेला की मान न वळवता निदान व्हायचं, “इंजेक्टर गेला त्याचा. धारणीले पोचला तं नशीब.” कोणी विचारलेलं नसायचं. पण त्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

मी शेंदूरजनाघाटचा संत्र्याचा व्यापारी. गेल्या हंगामात पुण्याला माल घेऊन निघालो आणि गाडी नेमकी त्यांच्या गॅरेजपाशी बंद पडली. स्टार्टर मारला की इंजिन गरागरा फिरायचं, पण चालू होईना. ड्रायव्हर म्हणाला, बॅटरी. मी मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिलेले, त्यामुळे ठामपणे म्हणालो, पंप.

“बॅटरी गेली असती तं इंजिन फिरलं कायले असतं?” मिस्त्री म्हणाले. “आन साहेब, पंप खोलायच्या आधी पाहा, धूर येऊन राहिला का?”

“नाही.”

“मंग इंजिनात डिझेलच जाऊन नाही राहिलं.”

ते सरळ टाकीकडे गेले. तिथे माझी कारागिरी होती. डिझेल चोरीला जातं म्हणून मी झाकणावर प्लास्टिकच्या दोन पन्न्या चढवून वरून सायकलची ट्यूब करकचून आवळली होती. मिस्त्रींनी ट्यूब कापली, तशी टाकीने सूंऽऽ करून हवा ओढली.

“आत हवा जाईन तवाच डिझेल बाहेर येईन ना! तुमी तं चोरासंगं इंजिनाचंही डिझेल बंद केलं.”

ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. मिस्त्रींनी हातपंप मारून पाइपातली हवा काढली आणि गाडी दुसऱ्या स्टार्टरला सुरू झाली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बायको गेल्यापासून त्यांचं म्हणावं असं एकच माणूस उरलंय, पुण्यात नोकरी करणारी मुलगी. हात तेलकट, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

“बाबा, मी मजेत आहे. तुम्ही जेवलात ना? बरं, ठेवते.”

मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. फोन बंद झाला तरी डोळे उघडेनात.

“काय झालं?” मी विचारलं.

“मजेत असली का माह्यावर खेकसते. गोळ्या घेतल्या का, तंबाखूचा खर्रा सोडला का. आज खेकसली नाही.” मग म्हणाले, “गाडी पुण्याले कधी पोचते?”

“उद्या सकाळी.”

त्यांनी हात पुसले, शटर ओढलं आणि केबिनमध्ये येऊन माझ्याशेजारी बसले. दोन्ही हातांनी समोरचा दांडा घट्ट धरला होता.

बडनेरा मागे पडलं. अकोलाही आलं आणि गेलं. समोरून कितीतरी ट्रक गेले, पण मिस्त्रींनी एकाचंही निदान केलं नाही.