हाडांचं गाणं

चाचणीचे पेपर तपासून झाले तेव्हा जीवशास्त्राच्या बाईंनी कपाळाला हात लावला. अडतीस मुलं, आणि माणसाच्या सांगाड्याबद्दल अडतीस निरनिराळी मतं! एकीने बरगड्या थेट पायात नेऊन ठेवल्या होत्या. एकाने मानेला चोवीस मणके देऊन माणसाला जिराफाच्याही पुढे काढलं होतं.

"याच मुलांना जाहिरातींची गाणी मात्र घडाघडा येतात!" बाई स्टाफरूममध्ये करवादल्या.

"मग हाडांना चाल लावा की," चित्रकलेचे सर पेन्सिलीला टोक काढत म्हणाले.

सर बोलून मोकळे झाले, बाईंनी मात्र ते मनावर घेतलं. आपण नुसतं बोलायचं आणि त्याचं गाणं करून मिळायचं, असं एक ॲप त्यांनी शोधून काढलं. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला फोन टेकवून त्यांनी कवटीपासून करंगळीपर्यंत सगळी हाडं सांगून टाकली. मिनिटभरात गाणं तयार. आवाज बाईंचाच होता, पण जरा खोल, जरा थंड. आपल्या गळ्यात दुसरंच कुणीतरी बसून गातंय, असं वाटून त्यांच्या अंगावर काटा आला. पुढचं ऐकायला वेळ कुणाला होता? त्यांनी ते सगळ्या मुलांना पाठवून दिलं आणि भाजी चिरायला घेतली.

पंधरा दिवसांनी परीक्षा झाली. पाच मिनिटांतच वर्गावर देखरेख करणारे चित्रकलेचे सर दारात येऊन व्हरांड्यातल्या बाईंना खुणावू लागले. चेहरा पांढराफटक.

"जरा बघता का? मला काहीतरी विचित्र वाटतंय."

बाईंनी आत डोकावलं. अडतीस पेनं एका लयीत पळत होती. अडतीस डावे पाय फरशीवर ठेका धरत होते, पण आवाज नव्हता. मग एकाएकी सगळी पेनं थांबली. कुणी मान वर केली नाही, कुणी खोकलं नाही. दहा-अकरा सेकंद तशीच गेली आणि खर्रकन सगळी पेनं एकदम सुरू झाली.

"गोंधळ घातला तर ओरडता येतं हो," सर कुजबुजले, "या शांततेवर काय ओरडू?"

घरी बाईंनी पहिला पेपर उघडला. कवटीची हाडं बावीस, बरोबर. जबडा, बरोबर. त्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आई, चष्मा फ्रिजवर बघा.' मग मानेचे मणके सात. दुसऱ्या पेपरातही जबड्याखाली चष्मा. तिसऱ्यातही. दहाव्या पेपरानंतर बाईंनी फोन हातात घेतला.

त्यांनी गाणं शेवटपर्यंत लावलं, तेव्हा कोडं उलगडलं. रविवारी मध्येच सासूबाईंनी चष्मा विचारला होता. ॲपने सासूबाईंना गोंगाट समजून पुसून टाकलं होतं, पण बाईंचं उत्तर मात्र तालात बसवलं होतं. त्यानंतर सासूबाईंना चष्मा सापडेपर्यंतची शांतता होती. बरोब्बर अकरा सेकंद.

पेपर मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे गेले.

"अडतीस मुलं आणि एकच चूक? याला कॉपी म्हणतात. परीक्षा रद्द! आणि तुमच्याबद्दल मला वर लिहावं लागेल."

"कॉपी नाही हो, पाठांतर आहे! एकेकाला बोलावून बघा ना."

आधी आली चिमणी. आवाज इवलासा, म्हणून हे नाव पडलेलं.

"मनगटात हाडं किती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

चिमणीने भिंतीवर नजर लावली. ओठ हलू लागले. एक मिनिट गेलं.

"येत नाहीये हिला."

"थांबा, अजून खांद्यापर्यंतच पोचलीय," बाई म्हणाल्या.

"एका मनगटात आठ," चिमणी म्हणाली. तो आवाज चिमणीचा नव्हता. हुबेहूब बाईंचा होता. मोठ्या बाईंनी खुर्ची मागे सरकवली.

पुढची सदतीस मुलंही त्याच आवाजात बोलली. विसाव्या मुलापाशी मोठ्या बाईंची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. तिसाव्यापाशी त्यांनी मुलाच्या आधीच "आठ" म्हणून टाकलं आणि दचकून इकडेतिकडे पाहिलं. परीक्षा रद्द झाली नाही. चष्म्याचा अर्धा गुण तेवढा कापला.

चार दिवसांनी मोठ्या बाईंनी बाईंना बोलावून दार लावून घेतलं.

"पालकसभेचं भाषण आहे," मोठ्या बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "दरवर्षी कागद बघूनही अडखळते मी. लोक जांभया देतात हो. तेवढं चालीत बसवून द्याल?"

नाही म्हणायची सोय नव्हती. बाईंनी ते भाषण ॲपला वाचून दाखवलं आणि तयार गाणं मोठ्या बाईंना पाठवलं. सभेच्या दिवशी मोठ्या बाई हातात कागद न घेता उभ्या राहिल्या आणि वीस मिनिटं न अडखळता बोलल्या. बाईंच्या आवाजात. तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाईंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. आजूबाजूचे पालक डोलत होते, टाळ्या थांबत नव्हत्या.

मग आभार मानायला बाईंना बोलावलं. त्या उभ्या राहिल्या, घसा खाकरला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात दोन वाक्यं बोलल्या. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ बायकोकडे झुकून म्हणाले, "बघितलंस? तोंडावर मोठ्या बाईंची नक्कल करतायत. शोभतं का हे शिक्षिकेला?"