ऑकलंड जरा लांब पडतं

"बारा हजार किलोमीटर म्हणे! लांबचं कारण काढलंस तू, आणि आता बोलायला मी!" गुलाम हुसेन चपला शोधता शोधता पुटपुटला.

"हळू बोला. आपा आत बसल्यात," शकिलानं दटावलं.

आपा म्हणजे त्याची थोरली बहीण, रुकय्या. तिनं त्यांच्या मुलीसाठी, जोयासाठी, ऑकलंडच्या सादचं स्थळ आणलं होतं. मुलगा शिकलेला, घराणं ओळखीचं. फक्त तासभराच्या व्हिडिओ कॉलवर साद स्वतःबद्दलच बोलत राहिला आणि जोयाला त्यानं एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे नेट स्लो आहे का?" कारण जोया बराच वेळ हललीच नव्हती.

पण नणंदेनं आणलेलं स्थळ तोंडावर मोडायचं कसं? अशा वेळी चार घरांत जे बोलतात तेच शकिला बोलली, "मुलगा हिरा आहे आपा, पण ऑकलंड जरा लांब पडतं."

एवढं ऐकलं की समजूतदार माणसं चहा पिऊन विषय बदलतात. सादनं हिशोब पाठवला. विमानतळापासून विमानतळापर्यंतचं अंतर, सिंगापूरला विमान बदलायचा वेळ, शिवाय मानेखाली कुठली उशी घ्यायची तेही.

"अठरा-एकोणीस तास लिहिलंय," आपानं फोनवरून वाचून दाखवलं. "निम्मे झोपेत जातात, असंही लिहिलंय."

गुलाम हुसेन पंख्याकडे बघत म्हणाला, "एकच पोरगी ना आपा. उद्या आमचं दुखलंखुपलं तर? दुबई असती तर बात वेगळी होती."

शकिलानं कोपर मारलं, पण उशीर झाला होता. सादनं दुबईत नोकरी धरली.

"आता फक्त तीन तास," आपानं वाचलं.

"तीन वरचे झाले आपा, खालचं काय?" शकिला घाईघाईनं म्हणाली. "विमानतळावरून भिवंडीत यायचं म्हणजे मानकोली नाक्याला ट्रेलर आडवा झाला की संपलं! जवळ ते जवळच."

"अम्मी, बस कर आता," जोया दाराआडून म्हणाली. "नाहीतर तो वरच्या माळ्यावर भाड्यानं येईल."

तेवढं झालं नाही, पण दोन महिन्यांत साद मानकोलीच्या एका गोदामात मॅनेजर म्हणून हजर झाला. शुक्रवारी नमाजानंतर मिठाईचा डबा घेऊन आला, आजच तारीख ठरवू म्हणून.

"राहनाळ गावातून आतला रस्ता सापडला," सोफ्यावर बसत तो म्हणाला. "मी रस्ते पटकन शोधतो. माझे बॉससुद्धा मानतात. वायफायचा पासवर्ड काय आहे?"

मग त्याला फोन आला आणि तो बोलत बोलत जिन्यात गेला. खोलीत आपासकट चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बिचाऱ्यानं आपल्या एका शब्दावर दोन देश सोडले, या विचारानं शकिलाला वाईट वाटलं. पण कोपऱ्यात जोया ओढणीचं टोक पिळत बसलेली दिसली. कारणं संपली होती.

"मानकोलीला धूळ फार, नाही का?" गुलाम हुसेननं शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

आपानं मिठाईच्या डब्याचं झाकण लावलं, जिन्याकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"भाभी, त्याच्या आईला नाही म्हणायचं माझ्याच्यानं झालं नाही, म्हणून निरोप आणला. वाटलं, तुम्ही तरी नाही म्हणाल! अगं, पण हा मुलगा आवडलाय कुणाला?"