‘स’च्या आधीचं टक्

गाण्याची फाइल लहान करणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी घरात जाहीर केलं. तेव्हाच कुणीतरी तो हात धरायला हवा होता!

नवऱ्याच्या आत्याला या वयात पहिल्यांदाच वृंदगानात एकटीने गायची संधी मिळत होती. रेकॉर्ड केलेल्या गाण्याचा नमुना संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा होता आणि फाइल मोठी असली की वेबसाइट ती घेतच नव्हती. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. “काळजी नको, आत्या. फाइल लहान करणारा प्रोग्रॅम, म्हणजे एन्कोडर, कानाला कळत नाही तेवढंच गाळून टाकतो. किती गाळायचं ते मी ठरवते.”

लहान केलेली फाइल हेडफोन लावून ऐकली. टक्-सोन टक्-सळी टक्-सकाळ! प्रत्येक ‘स’च्या आधी कुणीतरी टिचकी मारत होतं.

“हा एन्कोडरचा ओळखीचा दोष,” मी म्हणाले. गाळणं कमी व्हावं म्हणून बिटरेट वाढवला. फाइल फुगली, टक् तिथेच! डावा-उजवा आवाज एकत्र बांधला. टक्! वरचे बारीक स्वर छाटले. आत्याचा आवाज गोधडीतून आल्यासारखा झाला, टक् मात्र टवटवीत!

“अजून बिटरेट वाढव,” नवरा दारातून म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. एरवी बिटरेट आणि बटाटा यांतला फरक त्याला कळत नाही.

पावणेसहा झाले. आत्या आत आली. “माझाच आवाज बिघडलाय का गं? तसं असेल तर पाठवू नकोस.” तिचा चेहरा एवढासा झाला होता.

“छे हो! गाण्यात टकटक येतेय ना, ती सगळी माझी!” मी छातीठोकपणे सांगितलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“सूनबाई, सहा वाजतील. सोड आता,” आत्या म्हणाली.

टक्! टक्! टक्!

हेडफोन टेबलावरच होता.

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहू लागला. त्याला बाहेर ओढून विचारलं, “आत्याला कवळी कधी बसवलीस?”

“हळू बोल! कुणाला कळलं तर ती गाणंच सोडेल. किंचित सैल राहिलीय.”

“मग इतका वेळ गप्प का बसलास?”

“तूच म्हणालीस, एन्कोडरचा दोष! शास्त्र शिकलेली तू!”

आधी मूळ रेकॉर्डिंग ऐकायचं, एवढंही मला सुचलं नव्हतं. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. त्यातल्या त्यात चांगली फाइल टक्-सकट पाठवली आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी वृंदगानवाल्यांचा फोन आला. आत्याने तो स्पीकरवर लावला. “तुमची निवड झाली! आणि मागे इतक्या नाजूक हाताने ताल कोण धरतंय?”

“ती टकटक होय?” आत्या खुलली. “ती सगळी आमच्या सूनबाईची! तिनेच सांगितलं!”

“वा! त्यांनाही घेऊन या.”

नवऱ्याने त्याच दुपारी कवळी घट्ट केली. आता रोज आत्या गाते आणि मी दोन लाकडी पट्ट्या घेऊन प्रत्येक ‘स’च्या आधी टक् करते.

“बरं जमतंय,” आत्या म्हणते, “पण रेकॉर्डिंगमध्ये तुझा हात जास्त साफ होता हं!”