नानांची फ्रेंच पंगत

चाळीसगावात लग्नाच्या पंगतीत पुंडलिकनानांच्या शेजारी बसायला कोणी तयार नसे. वाढपी बट्टी आणि वरण घेऊन आला की नाना पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरत आणि म्हणत, "एका वेळी एक! आधी वरण. ते संपलं की भाजी. बट्टी मग बघू." वाढप्याला पुढे जाता येईना, मागच्यांना वाढलं जाईना. सगळी पंगत हात धुऊन विडा चघळत असे, तेव्हा नाना वांग्याच्या भाजीपर्यंत पोचलेले असत. दुसऱ्या पंगतीची माणसं त्यांच्या डोक्यावर येऊन उभी राहत. नाना मान वर करून शांतपणे सांगत, "फ्रेंच माणूस जेवताना घाई करत नाही."

नानांनी आयुष्यात फ्रेंच माणसं किती पाहिली, तर एक. तोही बाई. सरकीच्या व्यवहारासाठी ते मुंबईला गेले असताना एका गिरणीच्या दलालाने त्यांना मलबार हिलच्या बाजूला एका फ्रेंच मडमेच्या हॉटेलात जेवू घातलं होतं. त्या एका संध्याकाळच्या जोरावर नाना फ्रेंचांचे चाळीसगावातले वकील झाले. जेवताना कोणी कपाशीचा भाव काढला, की फ्रेंच माणूस तसं करत नाही. कोणी ढेकर दिली, की फ्रेंच माणूस तसं करत नाही. एकदा तर म्युनिसिपालिटीची गटार तुंबली, तेव्हाही ते हेच म्हणाले.

मला या माणसाची चीड यायची. मी त्या वेळी आमच्या पक्षाची पत्रकं लिहीत होतो आणि स्टेशनाबाहेर उभा राहून वाटत होतो. इंग्रज गेले तरी फ्रेंच अजून पाँडेचेरीत ठाण मांडून बसलेले, आणि आमचा हा सरकीवाला त्यांच्या सुपाचे गोडवे गातो! मी नानांवरच एक पत्रक काढलं. मथळा होता, 'परक्या ताटातले गुलाम'. नाव घातलं नव्हतं, पण गावाला कळायचं ते कळलं. पहिली प्रत मी नानांच्या दुकानात स्वतः नेऊन दिली. नानांनी ती सबंध वाचली, घडी घातली आणि गळ्याशी सदऱ्यात खोचली.

"कागद जाड वापरलास, पुढारी. छान. फ्रेंच लोक जेवताना असाच रुमाल लावतात."

असल्या माणसाशी भांडायचं कसं?

पुढे नानांनी घरात टेबल आणलं. त्यावर पांढरी चादर घातली आणि समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. त्या टेबलाचं काय चाललंय ते मला काशीअक्कांकडून, म्हणजे नानांच्या बायकोकडून, कळलं. मी वर्गणी मागायला गेलो होतो. अक्का चुलीपाशी भाकरी थापत होत्या.

"याले काय व्हयनं कोन जाने," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माले म्हणे, मन्हासमोर बस आनि जेव. बाईमानूस मानसाच्या आधी जेवस का कधी?"

मी दुकानात जाऊन नानांना सरळ विचारलं. मला वाटलं, आता हा माणूस उडवाउडवी करणार. त्यांनी केली नाही. सरकीच्या पोत्यावर बसून ते म्हणाले, "लग्नाला तीस वर्षं झाली. तिनं तोंडात घास घातलेला मी एकदाही पाहिलेला नाही. मी जेवतो, ती वाढते. मग मी दुकानात येतो, ती कधीतरी चुलीपाशी उरलंसुरलं खाते. त्या मडमेच्या हॉटेलात बघितलं, बाई आणि बुवा समोरासमोर. आणि वाढतात कोणाला आधी? बाईला!"

"मग बसवा ना घरीच."

"बसवली. भाकरी संपली, उठली. पाणी पाहिजे, उठली. मांजर आलं, उठली. मला असं ठिकाण पाहिजे, जिथं तिला उठून जायला चूलच नाही."

पुढच्याच महिन्यात पक्षाच्या बैठकीला मी मुंबईला निघालो, तर स्टेशनावर नाना आणि अक्का ट्रंकेवर बसलेले. "तू इंग्रजी जाणतोस. आमच्याबरोबर त्या मडमेकडे जेवायला यायचं," नानांनी फर्मावलं. मी जायचं कबूल केलं, ते तिथल्या साहेबी थाटावर एक झणझणीत पत्रक लिहिता यावं म्हणून.

हॉटेल लहानसंच होतं, पण फरशी अशी चकचकीत, की अक्कांनी वहाणा दाराबाहेर काढल्या आणि त्या अनवाणीच आत आल्या. नऊवारी सावरत खुर्चीच्या टोकावर बसल्या. दारूबंदीचे दिवस, त्यामुळे उंच नाजूक पेल्यांत साधं पाणी होतं. पदार्थांचं कार्ड फ्रेंचमध्ये. माझं इंग्रजी तिथे बिनकामाचं ठरलं. शेवटी वेटरलाच सांगितलं, मांसमच्छी नको. म्हातारा गोवेकर होता. त्याने बटाट्याचं पांढरं, दाट सूप आणलं आणि पहिली वाटी अक्कांपुढे ठेवली.

अक्कांनी ती नानांपुढे सरकवली. वेटरने अदबीने उचलून पुन्हा अक्कांपुढे ठेवली. अक्कांनी पुन्हा सरकवली. मग वेटरने नानांना आणि मला वाट्या दिल्या आणि पहिली तिसऱ्यांदा अक्कांपुढे आणली.

"जेव," नाना म्हणाले.

"तुम्ही जेवा, मंग मी जेवसू."

नानांनी हात मांडीवर ठेवले. अक्कांनी पदराखाली घेतले. सुपावरची वाफ विरली. मी सकाळपासून उपाशी, पण या दोघांच्या मध्ये चमचा उचलायची माझी छाती होईना. शेजारच्या टेबलावरचे साहेबलोक हसत एकमेकांना खुणावू लागले. मी त्यांच्याकडे असं डोळे वटारून पाहिलं, की त्यांनी माना खाली घातल्या.

"लोक देखी ऱ्हायनात," अक्का पुटपुटल्या.

"देखू दे."

अक्कांची नजर माझ्याकडे वळली. "आनि हाऊ पोऱ्या उपाशी बशेल शे, त्येचं काय?" असं म्हणून त्यांनी, केवळ माझी दया येऊन, चमचा मुठीत धरला आणि सूप तोंडात घातलं.

त्या थांबल्या. आणखी एक चमचा घेतला. मग मान वर न करता त्या वाटी रिकामी होईपर्यंत जेवल्या, आणि तळ पावाच्या तुकड्याने पुसून घेतला. नाना चमचा न उचलता बघत राहिले.

"आवडलं?"

"तिखं नही ना," अक्का म्हणाल्या.

नाना चमकले. त्यांच्या घरचं कालवण म्हणजे नुसती आग. आम्ही पाहुणे डोळे पुसत जेवायचो. "तुले तिखं चालत नही?"

"पहिलेपाईनच नही. जीभ भाजस."

"मंग इतला वरीस?"

"तुम्हले लागस ना. येकट्या मन्हासाठी दुसरी भाजी कोन करी?" त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. त्यात तक्रार नव्हती.

या वेळी नानांना फ्रेंच माणूस आठवला नाही. मग त्यांनी आपली निवलेली, भरलेली वाटी दोन्ही हातांनी उचलून अक्कांपुढे ठेवली.

अक्कांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ती जवळ ओढून घेतली.