शोधककाकांचं न पाळलेलं मांजर

धाकट्या बहिणीचं पत्र येऊन इतके दिवस झाले होते, की पाकिटाच्या कडा मऊ पडल्या होत्या. शोधककाका ते रोज सकाळी चहाबरोबर वाचत आणि पुन्हा पाकिटात घालून ठेवत. पत्र काही मोठं नव्हतं. "दादा, आता पुरे झालं एकट्यानं राहणं. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय. तिथे तुझं आहे कोण? आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू उत्तर देणार नाहीस. महिनाअखेरपर्यंत काही कळवलं नाहीस, तर मी ते 'हो' समजेन आणि टेम्पो घेऊन येईन."

काकांना जायचं नव्हतं. दोन खोल्या, भिंतभर पुस्तकं आणि खिडकीशी खुर्ची, एवढा संसार त्यांना पुरेसा होता. पण नाही म्हणायचं तर काही कारण द्यायला हवं, आणि 'तिथे तुझं आहे कोण' ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सापडत नव्हतं. शिवाय नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. उभी हयात त्यांनी एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली. तिथल्या सोबत्यांनी त्या लांबलचक हुद्द्याचं 'शोधक' केलं आणि तेच नाव चिकटलं. दुसऱ्यांच्या चुका ते पेन्सिलीनं समासात बिनचूक दाखवत; पण तोच दुसरा समोर येऊन काही विचारू लागला, की काकांची मान आपोआप खाली-वर होई. ह्या मानेपायी त्यांनी नको असलेले विमे उतरवले होते, बुद्धिबळाचं ओ की ठो कळत नसताना बुद्धिबळ मंडळाचं चिटणीसपद सांभाळलं होतं आणि एकदा न्हाव्यानं विचारलं म्हणून मिशीही काढली होती.

त्याच मानेनं ह्या वेळी मांजर आणलं.

कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. सामान सरकत्या पट्ट्यावरून पुढे आलं, की ताई बिल करता करता गिऱ्हाईक वाचत. एखादा नवरा एकटाच येऊन अंडी, पाव आणि भांडी घासायचा साबण घेऊन उभा राहिला, की ताई हळूच विचारत, "वहिनी कधी येणार परत?" वर कोबी-काकडी आणि खाली चॉकलेटं अशी टोपली आली, की त्या म्हणत, "खालचं आधी द्या, वितळेल." एका अविवाहित कारकुनानं एकदा दोन नवे टूथब्रश घेतले, तेव्हा ताईंनी नुसतं हसून त्याच्याकडे पाहिलं होतं. काही महिन्यांत त्याचं लग्न झालं. काकांची टोपली पाहून मात्र ताई कधी काही बोलत नसत. अर्धा पाव, दोन बटाटे, एक कांदा, चहाची सगळ्यात लहान पुडी. काकांना ही शांतता फार आवडे.

त्या दिवशी काका चष्मा घरी विसरले. बिस्किटांच्या फळीवरून म्हणून त्यांनी एक पुडा उचलला. पुड्यावर तपकिरी गोल-गोल काहीतरी होतं आणि कोपऱ्यात एक मिशाळ चेहरा होता; तो त्यांना कंपनीच्या मालकाचा वाटला. जन्मभर दुसऱ्यांचं वाचून देणाऱ्या माणसानं तेवढा एक पुडा न वाचता टोपलीत टाकला.

पट्ट्यावर तो पुडा पाहताच ताईंचा हात थांबला.

"अगंबाई! काका, मांजर पाळलंत?"

मागे रांग होती. ताईंच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता, की जणू काकांना नातू झाला होता. काकांची मान खाली-वर झाली.

"बरं केलंत हो! किती बरं केलंत! नाव काय ठेवलंत?"

"अजून... ठरायचंय," काका म्हणाले आणि पिशवी घेऊन जवळजवळ पळालेच.

पुढच्या खेपेला ताईंनी मागायच्या आतच तो पुडा काढून ठेवला होता. "शेवटचा होता. म्हटलं, तुमच्या माऊला उपास नको घडायला." काकांनी तो घेतला. त्यापुढच्या खेपेलाही घेतला. घरी आणलेले पुडे ते शब्दकोशांच्या मागे दडवत. शब्दकोश फळीच्या बाहेर डोकावू लागले, तेव्हा काकांना वाटलं, की एखाद्या भटक्या मांजराला घालून निदान एक पुडा तरी संपवावा. त्यांनी तो फोडला, एका वाडग्यात ओतला आणि खाली न्यायच्या आधी चहाचा घोट घ्यावा म्हणून वाडगा टेबलावर कपाशेजारी ठेवला. तेवढ्यात दार वाजलं.

दारात सोसायटीच्या सेक्रेटरीबाई. 'इमारतीत प्राणी पाळण्यास सक्त मनाई आहे' ही जिन्यातली लाल अक्षरांतली पाटी त्यांच्याच हातची. ताईंनी काकांच्या मांजराची आनंदाची बातमी समोरच्या शिंप्याला सांगितली होती, आणि शिंप्याला सांगितलेली गोष्ट इमारतीला वेगळी सांगावी लागत नसे.

"कुठंय?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

त्यांनी खाटेखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, मोरीत पाहिलं. केस नाही, ओरखडा नाही, म्याव नाही. मग त्यांची नजर टेबलाकडे गेली. वाडगा, शेजारी बशीत चमचा, वाफ येणारा चहा. त्यांनी वाडग्यातला एक दाणा उचलून हुंगला.

"हे मांजराचंच खाणं आहे. माशाच्या चवीचं." पुडा न बघता त्यांनी ते कसं ओळखलं, हे विचारायचं काकांना सुचलं नाही. "काका, खरं सांगा. मांजर नाहीच ना?"

मान खाली-वर.

"म्हणजे घरात तुम्ही एकटेच?"

मान पुन्हा खाली-वर.

सेक्रेटरीबाईंनी एकदा वाडग्याकडे पाहिलं, एकदा काकांच्या काटकुळ्या मनगटाकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बसा काका, बसा. चहा निवतोय."

"त्याचं असं झालं, की..."

"काही बोलू नका. वेळ कुणावरही येते."

त्या गेल्यावर आपल्यावर नेमकी कोणती वेळ आली आहे, ह्याचा काका बराच वेळ विचार करत राहिले.

संध्याकाळी ते कळलं. शिंप्याची बायको झाकलेलं पातेलं घेऊन आली. "आमच्याकडे जास्त झालं होतं, काका." दुसऱ्या दिवशीही त्यांच्याकडे जास्त झालं. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीबाईंकडे जास्त झालं. दुकानात ताईंनी "मांजराचं आता येत नाही हो" असं छताकडे बघत सांगितलं आणि पिशवीत न मागितलेली अंडी, लोणी आणि केळी सरकवली. काका पैसे देऊ लागले, तर ताईंचे डोळे भरून आले. मग त्यांना पैसे पुढे करवेनात. तो हिशेब काकांनी न सांगता दुकानातल्या दानपेटीत भागवला, तेव्हा रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "बघा. खायला नाही, पण देणं सुटत नाही."

खरं सांगावं, तर ताईंशी खोटं बोललो हे सांगावं लागणार. न सांगावं, तर समोरचं पातेलं रिकामं करावं लागणार. काकांनी पातेली रिकामी केली. स्वयंपाक उत्तम होता. थोड्याच दिवसांत त्यांच्या पँटचं बटण लागेना, आणि ती सैल करून घ्यायला ते शिंप्याकडे गेले. शिंप्यानं पोटाला टेप लावला आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, हात-पाय बारीक आणि पोट एवढं? ही सूज आहे. त्या खाण्याची."

"छे हो, हे तुमच्याच घरच्या..."

"माझ्यापासून लपवू नका. माणसांची मापं घेण्यात केस पिकले माझे."

महिना संपत आला होता. काका दुकानात पाव घेऊन रांगेत उभे होते. पुढे सेक्रेटरीबाई होत्या. त्यांच्या टोपलीत नेहमीसारखे मासळीचे डबे होते. ते गुडघ्यांसाठी असतात, असं त्या न विचारता सगळ्यांना सांगत. शिंपी दोऱ्याची रिळं घेऊन उभा होता. काकांना पाहताच तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि ताईंनी पट्टा थांबवला.

"काका, रागवू नका हं. आम्ही ठरवलंय, तुमच्या बहिणीला कळवायचं."

"काय?"

"टपाल माझ्याकडेच येतं ना," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "पाकिटावर पत्ता होता तिचा. तुमचे असे हाल होतायत म्हटल्यावर रक्ताचं माणूस बसून राहील का? चार दिवसांत घेऊन जाईल तुम्हाला. सुटाल."

"आम्हाला करमणार नाही," शिंपी म्हणाला. "पण तुमच्या जिवापेक्षा ते मोठं नाही."

तिघं त्यांच्याकडे बघत उभे राहिले. चेहऱ्यांवर माया अशी ओसंडत होती, की कुठल्याही सभ्य माणसानं मान डोलावली असती. काकांची मान हलायला लागलीसुद्धा. ती अर्ध्यावर आली आणि त्यांना टेम्पो दिसला. टेम्पोत खुर्ची दिसली, दोरीनं बांधलेली पुस्तकं दिसली.

"नाही!"

आवाज एवढा मोठा निघाला, की काकांनी स्वतःच दचकून मागे पाहिलं.

"नाही. कळवायचं नाही. मला मांजर नाही. कधीच नव्हतं. मी चष्मा विसरलो होतो. ताई, तुम्ही विचारलंत आणि मी मान हलवली. तेवढंच झालं. मी ते खात नाही. पुडे सगळे घरी आहेत."

मग ताईंनी डोळ्यांना पदर लावला.

"किती मानी माणूस!"

"तसंच म्हणणार," शिंपी म्हणाला. "माझे वडीलही उपाशी असले की जेवलोय म्हणायचे."

"अहो, पण मी खरंच जेवलोय! तुम्हीच जेवायला घालताय!"

"ओरडू नका काका, चक्कर येईल," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा काकांना राग आला. "चला," ते म्हणाले. "चला सगळे. आत्ताच्या आत्ता."

ताईंनी गल्ल्यावर मदतनीस बसवली आणि वरात काकांच्या घरी निघाली. काकांनी एकेक शब्दकोश खाली उतरवला. प्रत्येकामागून एक पुडा निघाला. सगळे बंद. फक्त एक फोडलेला, आणि त्याच्याशेजारी झाकण लावलेल्या बरणीत वाडग्यातला सगळा ऐवज जसाच्या तसा. शिंप्यानं पुडे उलटेपालटे करून पाहिले. मग काकांच्या पोटाकडे पाहिलं.

"म्हणजे ही सूज..."

"तुमच्या सौभाग्यवतींच्या हातची आहे."

आधी शिंपी हसला. मग ताई हसत हसत खाटेवरच बसल्या. काका हसत नव्हते. ते शब्दकोश पुन्हा जागेवर लावत होते.

"पण मला सांगा," ताई डोळे पुसत म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही फार खूश झाला होतात."

ताईंनी एक पुडा हातात घेतला. मग म्हणाल्या, "होणारच की. इतकी वर्षं तुमची टोपली बघतेय मी. अर्धा पाव, दोन बटाटे. दर वेळी वाटायचं, ह्या माणसाशी घरात कुणी भांडतसुद्धा नाही. म्हटलं, चला, आता निदान मांजर तरी भांडेल."

आपली टोपली कुणी एवढी मनाला लावून घेत असेल, हे काकांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आणि ह्या पुड्यांचं काय करायचं?" शिंप्यानं विचारलं.

"मी नेते," सेक्रेटरीबाई पटकन म्हणाल्या. "फेकून देते."

त्यांनी एकेक पुडा तारीख बघून, कोपरे सांभाळून पिशवीत भरला. बरणीसुद्धा घेतली. ताई ते सगळं टक लावून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत ती पट्ट्यावरची नजर आली.

"सेक्रेटरीबाई, तुमचे गुडघे किती महिन्यांचे आहेत हो?"

सेक्रेटरीबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तीन," त्या शेवटी पुटपुटल्या. "जिन्यात भिजत बसलं होतं. पाटीच्या खालीच. पुडा विकत घ्यायचा तर तुमच्यासमोरून न्यावा लागणार, ताई. आणि तुम्ही शेवटचा पुडासुद्धा काकांसाठी काढून ठेवलेला. जळफळाट झाला माझा. म्हणून तर तपासायला आले."

त्यानंतर काकांच्या दोन खोल्यांत जो हशा झाला, तसा तिथे पूर्वी कधी झाला नव्हता. सेक्रेटरीबाईसुद्धा हसल्या. शिंप्यानं जाऊन बायकोला बोलावून आणलं. ती येताना पातेलं घेऊन आली, कारण आज खरंच जास्त झालं होतं.

सगळे गेल्यावर काका टेबलाशी बसले. एरवी बहिणीला लिहायला बसले, की पहिल्याच ओळीत अडत आणि कागद फाडत. आज त्यांनी एका दमात लिहिलं:

"धाकटे, तू विचारलंस, तिथे तुझं आहे कोण. लाजेनं कळवतो, की मलाही आजच समजलं. इथली माणसं माझी टोपली बघतात. चुकीचं वाचतात, पण वाचतात. मी न मागता मला जेवू घालतात, आणि त्यांच्यामुळे मी जाड झालो आहे. माझ्याकडून ह्यांचं काहीच फेडून होणार नाही, पण इथेच राहून थोडं थोडं करीन म्हणतो. म्हणून तुझ्या पत्राचं उत्तर 'नाही' असं आहे. तू खोली रिकामी ठेवलीस, ते मी विसरणार नाही. जरूर ये. खूप दिवस राहा. टेम्पो आणू नकोस."

सकाळी पत्र घेऊन ते निघाले. कोपऱ्यावर टपालपेटीशी ताई, शिंपी आणि सेक्रेटरीबाई आधीच उभे होते. काकांचा स्वभाव आता तिघांनाही कळला होता, आणि धोका पत्करायला कुणी तयार नव्हतं.

काकांनी हात पेटीच्या फटीत घातला. बराच वेळ गेला.

"काका," ताई म्हणाल्या, "पत्र सोडा आता. हात तेवढा बाहेर काढा."

काकांनी बोटं उघडली. पेटीच्या तळाशी पत्र पडल्याचा आवाज चौघांनीही ऐकला.